तीन सेकंदांचा डॉट

ज्या साहेबांच्या हाताखाली मला आयुष्यातला पहिला पगार मिळाला, त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात खोटारडा ठरवलं होतं. आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नुकताच चिकटलो होतो. काम सोपं होतं. दर तासाला मिलमधून उसाच्या रसाचा नमुना यायचा, तो तपासायचा आणि आकडा रजिस्टरात लिहायचा. एका संध्याकाळी मी कँटीनमध्ये गप्पांत रमलो आणि सहाचा नमुना राहून गेला. पाचचा आकडा होता, सातचा होता. सहाचा मी दोघांच्या बरोबर मधोमध बसवून दिला. सगळे शिफ्ट केमिस्ट हेच करतात, आणि जे नाही म्हणतात ते दोनदा करतात. दुसऱ्या दिवशी चीफ केमिस्ट रजिस्टर चाळत आले आणि त्यांचं बोट नेमकं तिथंच थांबलं.

"हा रस कुठल्या उसाचा?"

"साहेब, गेटवरच्याच गाड्यांचा."

"नाही. हा ऊस तुमच्या डोक्यात उगवलाय. इतका शहाण्यासारखा मधोमध बसणारा आकडा रसाचा नसतो. रस एवढा शहाणा नसतो." त्यांनी माझा आकडा लाल पेन्सिलीनं खोडला आणि तिथं काहीच लिहिलं नाही. "नमुना नसेल तर खाना कोरा ठेवायचा. मी रागावेन, पण ते माझ्या-तुमच्यातलं राहील. बनवलेला आकडा मात्र सगळ्या रजिस्टरला बाटवतो."

मला इतका राग आला होता की मी त्याच दिवशी नगरला जाऊन दुसरी नोकरी बघायचं ठरवलं. गेलो नाही. गेलो असतो तर पुढची गंमत हुकली असती.

साहेब उंच, खांद्यात किंचित वाकलेले, वरच्या खिशात हिशेबाची सरकती पट्टी, स्लाइड रूल, आणि उजव्या कानात कापसाचा बोळा. कामगार त्यांना 'खरखरसाहेब' म्हणत, कारण सुट्टीच्या दिवशी त्यांच्या बंगल्याजवळून गेलं की आतून रेडिओची खरखर ऐकू यायची. गाणी नाहीत, बातम्या नाहीत, नुसती खरखर. साहेबांकडे सरकारी परवाना होता. ते हौशी रेडिओवाले होते. नगरच्या कॅम्पातल्या जुन्या बाजारात लष्कराचे मोडके सेट किलोवर मिळत. त्यातून निवडून आणलेल्या सामानाचा त्यांनी स्वतः सेट बांधला होता. अंगणातल्या लिंबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत तांब्याची तार ताणली होती. तारखात्यातली ती कडकट्ट असते ना, डॉट आणि डॅशची, मोर्स म्हणतात ती, त्या भाषेत ते जगभरातल्या आपल्यासारख्याच वेड्यांशी बोलत.

ही तार एकदा उतरवायची वेळ आली होती. दुष्काळाचं साल, आभाळ कोरडं, आणि शेजारच्या वाडीत कुणीतरी उठवलं की साहेबांच्या तारेनं पाऊस अडतोय. दहा-बारा माणसं बंगल्यावर आली. दुसरा कुणी असता तर हसला असता, नाहीतर भांडला असता. साहेबांनी सगळ्यांना चहा दिला आणि म्हणाले, "शक्य आहे. तपासून बघू. पंधरा दिवस तार खाली, पंधरा दिवस वर. तुम्हीच लिहून ठेवा." वही त्यांच्याच हातात दिली. पंधरा दिवस तार खाली होती, पाऊस नाही. पंधरा दिवस वर, पाऊस नाही. वाडीचे लोक वही परत द्यायला आले तेव्हा त्यांच्या म्होरक्यानं हात जोडले. "साहेब, तार काय करंना, पर आभाळ बी कुनाचं ऐकंना." साहेबांना ते फार आवडलं. ते वाक्य त्यांनी वहीत शेवटी लिहून घेतलं.

लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं, "साहेब, जिलबी कशी आहे?" तर ते आणखी दोन मागून घेत. तिन्ही खात आणि मग सरासरी सांगत. कुणी त्यांना काही सांगायला गेलं की हात वर करून म्हणत, "तीनदा सांगा. एका नमुन्यावर माझा विश्वास नाही." नवीन माणूस बिचारा तीनदा सांगायचा आणि बाहेर येऊन आम्हाला म्हणायचा, साहेबाचा एक स्क्रू ढिला दिसतोय. आम्ही हसायचो. मीही हसायचो, आणि ते आठवलं की आज स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते. कारण साहेब तीनदा विचारायचे ते पद्धत म्हणून नव्हे. त्यांना ऐकू येईनासं झालं होतं.

ते त्यांनी स्वतःच मला सांगितलं. एका रविवारी दुपारी बंगल्यावर बोलावलं, समोर दोन कागद ठेवले आणि म्हणाले, "हे वाचा. मोठ्यानं नको."

न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला त्यांचा एक मित्र होता, दातांचा डॉक्टर. दोघं कधी भेटले नव्हते, पण कित्येक वर्षं दर रविवारी सेटवर बोलत होते. पहिला कागद साहेबांच्या नोंदवहीतला उतारा होता. मागच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी त्यांनी मित्राशी पाव तास संभाषण केल्याची नोंद. त्यानं काय सांगितलं, हवा कशी होती, सगळं. दुसरा कागद मित्राचं पत्र होतं. त्यानं अगदी सभ्यपणे लिहिलं होतं की त्या रविवारी तो आजारी होता आणि त्यानं सेट लावलाच नव्हता.

मी मान वर केली. साहेबांनी कानातला बोळा काढला. "यात एक शिट्टी वाजते. चोवीस तास. मोर्सचा सूर जेवढ्या पट्टीत असतो त्याच पट्टीत. सिग्नल दणदणीत असेल तर वेगळा कळतो. पण त्याचा सिग्नल तिथून इथवर येईपर्यंत मेल्यासारखा असतो. तो बोलतोय की माझाच कान बोलतोय, मला सांगता येत नाही." बोळा परत कानात खोचत म्हणाले, "जन्मभर लोकांचे खोटे भरलेले खाने लाल पेन्सिलीनं पकडले. आणि मी अख्खा माणूस भरून ठेवला."

आतल्या दारात साहेबांच्या पत्नी, काकू, उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "तेव्हापासून जेवण तुटलंय त्यांचं. त्या दात काढणाऱ्याशी पुन्हा बोलता आलं नाही तर हे सेट विकून टाकतील. आणि सेट विकला की हे घरात राहतील, पण असतील कुठं ते देव जाणे."

त्यानंतर साहेबांनी जे आरंभलं त्याला ते 'प्रोग्रॅम' म्हणत. पुण्याच्या एका संस्थेत कॉम्प्युटर आहे, त्याला सूचना लिहून दिल्या की तो त्या बरहुकूम पाळतो, हे त्यांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं. कॉम्प्युटर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, आणि त्यावाचून त्यांचं अडलंही नाही. भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला, त्यावर सूचना क्रमानं लिहिल्या आणि सांगितलं, "पुण्याचं यंत्र मिळेल तेव्हा मिळेल. तोवर यंत्र म्हणजे आपण तिघं. यंत्राला मत नसतं, हे लक्षात ठेवा."

तिसरा होता किसन. मिलमधून रसाचे नमुने आणणारा आमचा जुना माणूस. त्याची नजर घारीची होती.

युक्ती अशी. कानानं ऐकायचंच नाही. सेटचा आवाज एका काट्याच्या मीटरला जोडायचा. आवाज वाढला की काटा उठतो. मित्रानं अतिशय सावकाश पाठवायचं, एकेक डॉट तीन सेकंदांचा आणि डॅश त्याच्या तिप्पट. साहेब स्टॉपवॉच धरून दर तीन सेकंदांनी "हं" म्हणणार, किसन काट्याचा आकडा वाचणार, मी आलेखाच्या कागदावर खान्यात लिहिणार. मित्र तोच शब्द दर दहा मिनिटांनी, असा पाचदा पाठवणार. पाचही वेळचे आकडे एकाखाली एक मांडून उभी बेरीज करायची. खरखर ही कधी इथं उसळते, कधी तिथं. बेरजेत ती सपाट होते. सिग्नल मात्र प्रत्येक वेळी त्याच खान्यात येतो, म्हणून त्याची बेरीज चढत जाते. चढलेला खाना पेन्सिलीनं काळा करायचा. एक काळा म्हणजे डॉट, सलग तीन म्हणजे डॅश. शब्द कोणता ते मित्रानं आधी कळवायचं नाही.

दुसरी सूचना बँड बदलायची. रेडिओच्या लहरींचे वेगवेगळे पट्टे असतात, त्यांना बँड म्हणतात. पेठेतल्या दुकानांसारखं आहे ते. दिवस कलला की एक बंद होतं आणि दुसरं उघडतं. एरवी दोघं एकमेकांना सांगून बँड बदलत. इथं तर सांगितलेलंच कळत नव्हतं. म्हणून साहेबांनी वेळापत्रक केलं आणि त्याची एक प्रत पत्रातून मित्राला पाठवली. पाच ते सहा वीस मीटरवर, सहा ते सात चाळीस मीटरवर. कुणी कुणाला विचारायचं नाही; घड्याळात सहा वाजायला आले की दोघांनीही आपापल्या सेटमधली कॉइल, म्हणजे बँड ठरवणारं तारेचं वेटोळं, उपटून दुसरी खोचायची. आमच्याकडे संध्याकाळचे पाच तेव्हा मित्राकडे मध्यरात्र व्हायला आलेली असायची. तरी तो तयार झाला.

"आणि साहेब, आपण त्याला काय पाठवायचं?" मी विचारलं.

"काही नाही. समोरचा काय म्हणाला ते कळायच्या आत उत्तर देणारी माणसं मला आवडत नाहीत. आधी वाचीन, मग बोलेन."

पाच रविवार आम्ही बसलो. पाचही रविवार कागद पांढराफटक राहिला. एकही खाना चढेना. साहेब दर वेळी कागदावर तारीख घालून सही करत आणि खाली लिहीत, 'काही नाही'. सहाव्या आठवड्यात त्यांनी मला कारखान्याच्या पोस्टात टाकायला एक पाकीट दिलं, न्यूझीलंडचं. पत्र उघडंच होतं. त्यांच्याकडे चोरून ठेवण्यासारखं काही नसे. 'प्रयोग फसला. मध्यरात्री जागून माझ्यासाठी पाठवत राहिलात, आभारी आहे. आता थांबावं.' मी पाकीट चिकटवलं आणि टाकलं. काकूंना सांगायचा धीर झाला नाही.

चार दिवसांनी मला नगरला जायचं होतं. चारचा भोंगा ऐकून मी धावत एस.टी.च्या थांब्यावर गेलो, आणि गाडीचा पत्ता नाही. थांब्यावर आमचा टाइमकीपर विडी ओढत बसला होता.

"एवढं पळताय कशापायी? अजून वेळ हाय."

"चारचा भोंगा झाला की."

तो कौतुकानं हसला. "भोंगा सहा मिन्टं म्होरं असतुया. आमी मुद्दाम ठेवलाय. न्हाईतर कामावर येळंवर येतंय कोन?"

माझ्या पायांखालची जमीन सरकली म्हणतात ते मी त्या थांब्यावर उभ्या उभ्या अनुभवलं. साहेब दर शनिवारी रेडिओवरच्या वेळेच्या ठोक्यांवर भिंतीवरचं घड्याळ सेकंदाला सेकंद लावून ठेवत. आणि मी रविवारी चारला शिफ्ट संपवून बंगल्यावर यायचो, तेव्हा ते घड्याळ मला भोंग्यावर लावलेल्या माझ्या मनगटी घड्याळाच्या मागं दिसायचं. मी ते, साहेबांना कशाला त्रास म्हणून, गुपचूप सहा मिनिटं पुढं करायचो. रात्री घरी निघताना कधी मागं करायचो नाही, म्हणून पुढच्या शनिवारी साहेब ते लावताना स्वतःशी पुटपुटायचे, "फार पळतं हे." एका फेरीचं वाचन जेमतेम तीन-चार मिनिटांचं. म्हणजे दर वेळी मित्र पाठवायला बसायच्या आधी आमचं वाचून झालेलं असायचं. कारखान्याच्या भोंग्यावर जगणारा माणूसच हे करू जाणे. भोंगा चुकीचा असेल हे आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातसुद्धा येत नाही.

नगर राहिलं बाजूला. मी उलट्या पावली बंगल्यावर गेलो आणि साहेबांना सगळं सांगितलं, तीनदा सांगितलं.

साहेब उठले, भिंतीवरच्या प्रोग्रॅमजवळ गेले आणि अगदी वर, पहिल्या सूचनेच्याही वर लिहिलं, 'घड्याळाला हात लावणाऱ्याने सही करावी.' माझ्याकडे वळून म्हणाले, "रागवायला हवं मी. पण मला इतकं बरं वाटतंय की राग येईना. प्रोग्रॅम चुकलेला नव्हता."

"साहेब, ते पत्र गेलंय. तार करूया का? पत्राकडे लक्ष देऊ नका म्हणून?"

"कशाच्या जोरावर? चूक सापडली म्हणजे उत्तर सापडलं असं नाही. पत्र पोचायला पंधरा-वीस दिवस लागतात. तोवर तो पाठवत राहील. दोन रविवार आहेत आपल्याकडे. तेवढे पुरले पाहिजेत."

पहिला रविवार मिलनं खाल्ला. गळिताचा शेवटचा आठवडा, सगळ्या मोटरी चालू आणि मीटरचा काटा अंगात आल्यासारखा नाचत होता. वीस मीटरवर काही नाही. चाळीसवर सुरुवातीला एक डॅश उठला, पुढं सगळा चिखल. "साहेब, ह्यो खाना काळा धरू का? जरा वर वाटतूय," किसन काकुळतीला येऊन म्हणाला. "वाटतंय ना? मग कोरा," साहेब म्हणाले. उठताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला, ते मी पाहिलं.

ऊस कमी असल्यानं त्या वर्षी गळीत लवकर आटोपलं. दुसऱ्या रविवारी कारखाना थंड होता. घड्याळावर साहेबांची ताजी सही होती. काकू देवापुढं बसल्या होत्या. वीस मीटरवर तासभर वाचलं, बेरीज केली, काही नाही. सहाला दहा कमी असताना साहेबांनी कॉइल बदलली आणि बाहेर जाऊन तारेची जोडणी फिरवली. परत आले तेव्हा कपाळ घामानं भिजलं होतं. सहाच्या ठोक्याला त्यांनी स्टॉपवॉच दाबलं. हं. चार. हं. सात. हं. सहा. पाच फेऱ्या झाल्या. सेट तसाच चालू ठेवून साहेब खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. बेरीज माझ्याकडे होती. यंत्राच्या कामात त्यांना लुडबूड करायची नव्हती.

खाने काळे होऊ लागले. पहिले तीन सलग. मग एक, एक, आणि तीन सलग. समोरच्या मोर्सच्या अक्षरांच्या तक्त्यावर बघून मी एकेक अक्षर खाली लिहीत गेलो. टी. यू. आर. एन. इथवर माझा जीव हरखला होता. 'टर्न'! चांगला इंग्रजी शब्द. आणि पुढं आणखी खाने काळे होते. आय. पी.

टर्निप. असा शब्द मी बापजन्मात ऐकला नव्हता. म्हणजे पुन्हा चिखल. पेन्सिलीच्या दुसऱ्या टोकाला रबर होतं. शेवटची दोन अक्षरं पुसली असती तर म्हातारा माणूस त्या संध्याकाळी पोटभर जेवला असता. कुणाला कळलं असतं? ते रबर मी कागदापर्यंत नेलं होतं, हे आज लपवत नाही. मग वाटलं, हे बनवलेलं मी त्यांना देणार, आणि ते यावर विश्वास ठेवणार, जन्मभर. मी रबर खाली ठेवलं आणि कागद जसा होता तसा त्यांच्या हातात दिला.

"साहेब, जमलं नाही. असा शब्दच नाही."

त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला. चेहरा उतरला. "मलाही माहीत नाही," ते म्हणाले. मग सवयीनं, केवळ कोरा खानासुद्धा तपासून ठेवायचा म्हणून, फडताळातला जाडजूड इंग्रजी-मराठी कोश काढला आणि बोट फिरवू लागले. बोट थांबलं.

"सलगम," त्यांनी वाचलं. "एक प्रकारचा कंद. भाजी करतात."

खोलीत खरखर चालू होती. साहेब सावकाश खुर्चीवर बसले.

"किसन, हा शब्द तुला ठाऊक होता?"

"न्हाई बा साहेब."

"तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो.

"मलाही नव्हता." त्यांनी उजव्या कानाला हात लावला. "म्हणजे ह्यालाही नव्हता. या घरात तो शब्द कुणाकडेच नव्हता. मग हा आला कुठून?"

आणि साहेब रडले. माणूस इतक्या मोकळेपणानं, इतक्या आनंदानं रडताना मी आधी पाहिला नव्हता. किसन धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता आणि माझीही काही वेगळी गत नव्हती.

रडणं ऐकून काकू घाबऱ्या होऊन धावत आल्या. "काय झालं? काय म्हणतोय तो?"

"तो म्हणतोय, सलगम."

"इश्श! ते काय असतं?"

"कंद आहे. भाजी करतात त्याची तिकडे."

काकूंनी पदरानं डोळे टिपले, सेटकडे पाहिलं, आणि अगदी शेजारच्या घरात विचारावं तशा म्हणाल्या, "बाई गं! मग विचारा ना त्याला, फोडणी कशाची घालतात?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. सात वाजायला तीन मिनिटं होती; तोवर मित्र सेटपाशी असणार होता. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढं ओढली आणि कित्येक महिन्यांनी मोर्सच्या चावीवर हात ठेवला.

"विचारतो," ते म्हणाले.